हवामान जैसे थे

१

हवामानाच्या पानावर मला बसवलं ती शिक्षा होती, आणि तसं कुणी लपवलंही नाही. एका मंत्र्याच्या मेव्हण्याबद्दल मी जे लिहिलं ते खरं होतं. खोटं असतं तर दोन ओळींच्या खुलाशावर भागलं असतं. संपादकांनी आत बोलावून सांगितलं की तुमचा अनुभव दांडगा आहे, तो आता जरा शांत जागी वापरू या. मी म्हटलं, दगडाखालची जागाही शांतच असते. ते हसले नाहीत. मीही हसवायला बोलले नव्हते.

शांत जागा म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, जिन्यामागची खोली. एका भिंतीवर देशाचा नकाशा, छतापासून जमिनीपर्यंत. एक लांब टेबल, दोन फोन, मान वळवता वळवता डावीकडे अडकणारा टेबलफॅन. खिडकी होती, पण ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. अख्ख्या देशाचं आभाळ जिथे लिहिलं जायचं, त्या खोलीतून टीचभरही आभाळ दिसत नव्हतं. यावर त्या इमारतीत आजवर कुणालाच हसू आलं नव्हतं, याचं मला जास्त नवल वाटलं.

खोलीचा मालक म्हणावा असा एक गृहस्थ तिथे आधीपासून होता. नकाशावर सूर्य, ढग आणि छत्र्या चिकटवण्यात त्याचा जन्म गेला होता. सगळे त्याला ढगोबा म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. माणूस सौम्य, बोलणं कमी, निवृत्तीला आलेला. दुपारी देशभरातली हवामान केंद्रं फोन करायची. ढगोबा ऐकायचा, ऐकलेलं मोठ्याने परत म्हणून दाखवायचा, आणि पलीकडून ‘बरोबर’ आलं की मग लिहायचा. उत्तरेच्या डोंगरांवर बर्फ, वाळवंटात गरम वारे, पूर्वेच्या नद्यांवर सकाळी धुकं, दक्षिणेच्या किनाऱ्यावर तुरळक सरी. चहा येईपर्यंत पान खाली छपाईला गेलेलं असायचं.

माझ्या बदलीने खूश झालेला जगात एकच माणूस होता, माझा धाकटा भाऊ. नाव बारक्या, अंगाने आता दरवाजाएवढा. तो दोन पुलांच्या शहरात लाँड्री चालवतो. त्या शहराच्या दोन्ही बाजूंना नदी आहे. आत यायला एक पूल, बाहेर जायला दुसरा. लग्न त्याने इस्त्रीशी केलं, असं तोच सांगतो. मी हवामानावर आले त्या दिवसापासून त्याने रोज सकाळी ऑफिसात फोन करून माझ्याशी भांडायचा नेम धरला. तुझ्या पानावर ऊन आणि माझ्या गच्चीवर धो धो पाऊस. हॉटेलच्या चाळीस चादरी भिजल्या. त्या तू येऊन पिळ. मी म्हणायची, गच्चीवर जाऊन वर बघायला तुला डोळे दिलेत ना आईने. फोन ठेवताना दोघांचाही दिवस चांगला सुरू झालेला असायचा.

२

एखाद्या केंद्राचा फोन आलाच नाही तर काय करायचं, याची त्या खोलीत एक रीत होती. वाट बघायची नाही आणि उलट फोनही करायचा नाही. कालचा मजकूर तसाच ठेवायचा आणि पुढे दोन शब्द जोडायचे: जैसे थे. दुसऱ्या दिवशी फोन आला की ते दोन शब्द काढायचे. रीत वाईट नव्हती. पान वेळेवर जायचं.

फक्त खाणींच्या गावापुढचे ते दोन शब्द कधी निघालेले मी पाहिले नाहीत. ते गाव नकाशाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, जिथे कागद भिंतीपासून सुटून वळला होता. दाट धुकं, वारा नाही, जैसे थे. मी आले त्या दिवशीही तेच, पुढच्या आठवड्यातही तेच, बाहेर कडक उन्हाळा सुरू झाला तरी तेच. मी ढगोबाला विचारलं की त्या केंद्राशी शेवटचं कोण बोललं. तो सूर्य कापत बसला होता. म्हणाला, लोकांना सवय आहे.

हे उत्तर मी आयुष्यभर वेगवेगळ्या कार्यालयांत ऐकलंय आणि दर वेळी त्यामागे काहीतरी पुरलेलं सापडलंय. मी फोन उचलला आणि नंबर फिरवला. ढगोबाच्या हातातली कात्री थांबली.

पलीकडे फोन लगेच उचलला गेला. कुणी बोललं नाही. पण खोली ऐकू येत होती. रिकाम्या खोलीचा एक आवाज असतो, तो. मग खुर्ची सरकली. कुणीतरी टेबलापासून उठताना सरकवतं तशी, लाकडाची फरशीवर. त्यानंतर घसा साफ केल्याचा आवाज. मी थांबले. माणूस आता येऊन बोलेल.

खुर्ची सरकली. घसा साफ झाला.

खुर्ची सरकली.

मी ‘हॅलो’ म्हटलं, केंद्राचं नाव घेतलं, माझ्या वर्तमानपत्राचं नाव घेतलं, ओरडलेही. पलीकडे कुणीतरी उठत होतं. पुन्हा पुन्हा तेच, एकाच लांबीचं उठणं. पहिल्याच सेकंदाला फोन उचलला होता, मग हा उठत होता तो कोण, हा प्रश्न मला रिसीव्हर ठेवल्यावर पडला.

३

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. भुतांच्या नावावर जमिनी लाटणारे मी पाहिलेत, त्यांच्यावर आहे. म्हणून मी आधी टेलिफोन खात्याला गाठलं. तिथल्या बाईने तपासून सांगितलं की लाईन उत्तम आहे. मी म्हटलं, कुठेतरी टेप अडकली असेल. त्या म्हणाल्या, असेल. सरकारी माणूस इतक्या चटकन ‘असेल’ म्हणतो तेव्हा त्याला जेवायला जायचं असतं.

मी ही गोष्ट बारक्याला सांगितली. तो म्हणाला, त्या खुर्चीला तेल लाव म्हणावं. मग म्हणाला की ताई, तुला बातमी मिळेना की तू खुर्चीची मुलाखत घ्यायला लागतेस. मीही हसले. त्याच्या मागे दुकानाचा नेहमीचा गोंगाट होता: वाफेची इस्त्री, बादल्या, रेडिओ, कुणाची तरी शर्टाच्या बटणावरून चाललेली हुज्जत. त्या गोंगाटात खुर्चीची भीती टिकत नव्हती.

त्याच आठवड्यात माझ्या सुट्टीच्या दिवशी पश्चिमेकडे वादळ झालं. तारा तुटल्या आणि दोन पुलांच्या शहरातल्या केंद्राचा फोन आला नाही. मी घरी कपाट आवरत होते. ढगोबाने पान नेहमीच्या वेळी खाली पाठवलं.

सकाळी ऑफिसच्या जिन्यात उभ्या उभ्या पेपर उघडला तेव्हा वाचलं. दोन पुलांचं शहर: अंशतः ढगाळ, वारा मध्यम. जैसे थे.

वाचून मला काही वाटलं नाही, असं म्हणायला आवडलं असतं.

४

बारक्याचा फोन नेहमीच्या वेळी आला. मी तयारीत होते. काल तिकडे वादळ होतं आणि आम्ही ‘वारा मध्यम’ छापलं होतं. आज चाळीस नाही, शंभर चादरी माझ्या नावावर पडणार होत्या.

“बरोबर आहे तुझं पान, ताई,” तो म्हणाला. “अंशतः ढगाळ. वारा मध्यम.”

मी विचारलं, टोमणा मारतोस का. वादळाचं काय झालं. गच्चीचा पत्रा टिकला का.

“अंशतः ढगाळ,” तो म्हणाला. “वारा मध्यम.”

माझा भाऊ माझ्याशी शेवटचा सहमत झाला तेव्हा आम्ही दोघं शाळेत होतो, आणि तेव्हाही त्याला माझ्या वाटणीचा खाऊ हवा होता. मी कान रिसीव्हरला दाबला. त्याच्या मागे इस्त्री स्टँडवर ठेवल्याचा आवाज झाला, टक्. मग वाफ सुटली. मग टक्. मग वाफ, तेवढीच. रेडिओ नव्हता. बटणावर भांडणारं कुणी नव्हतं.

मी त्याला आमचे जुने चिडवायचे शब्द ऐकवले. त्याच्या टकलाबद्दल बोलले, ज्याबद्दल बोललं की तो हमखास पेटतो. तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला की तुझं पान बरोबर आहे, ताई.

फोन ठेवला तेव्हा ढगोबा माझ्याकडे बघत नव्हता. मुद्दाम न बघणारा माणूस मला शंभर पावलांवरून ओळखू येतो.

५

दुसऱ्या दिवशी पहाटेची बस पकडली. शेवटच्या थांब्याआधी, पहिल्या पुलाच्या तोंडाशी बस वळली आणि कंडक्टरने सगळ्यांना उतरायला सांगितलं. सगळ्यांना म्हणजे मला. बाकी बस मधेच रिकामी झाली होती. मी विचारलं, पलीकडे का जात नाही. तो म्हणाला, गाडी इथूनच वळते. मी विचारलं, का. तो म्हणाला, काल वळली म्हणून. त्याच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता. त्याला ते खरोखर पुरेसं कारण वाटत होतं.

थांब्याच्या बाकड्याखाली आमच्याच वर्तमानपत्राचे गठ्ठे पडले होते. कालचा, आजचा. सुतळी कापलेली नव्हती. पलीकडे पेपर गेलाच नव्हता, आणि बारक्याने मला काल पान तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं.

ऊन चढलेलं होतं. माझ्या बाजूला वारा होता, पदर आवरत नव्हता. नदीपलीकडे शहर होतं, नेहमीचं, घरं आणि टाक्या आणि तारा. पुलाला लागूनच बारक्याच्या दुकानाची इमारत आहे, तिची गच्ची इथून नेहमी दिसते. गच्चीवर चादरी वाळत घातल्या होत्या. वाऱ्याने उडाव्यात तशा त्या उडाल्या होत्या, खालची टोकं वर आलेली, पोटं फुगलेली.

त्या खाली येत नव्हत्या.

मी बराच वेळ बघितलं. माझ्या डोक्यावरचे ढग सरकत होते. शहरावरचा एकच ढग सूर्याच्या अर्ध्यावर होता आणि तिथेच होता. चादरींच्या मधल्या फटीत एक हात दिसला, कोपरापर्यंत. हातात चिमटा. हात दोरीपाशी पोचायला बोटभर अंतर उरलं होतं.

मी पुलावर चालू लागले. कठड्यावर कुणीतरी खडूने एक फूल काढलं होतं, वाकडं, पाच पाकळ्यांचं. मी ते ओलांडलं आणि गच्चीवर नजर ठेवून पुढे निघाले. चपलेचा आवाज फट् फट् येत होता. फूल ओलांडलं. मला वाटलं, पोरांनी ओळीने काढली असतील. फूल ओलांडलं, आणि एक पाकळी पुसट झालेली दिसली, पहिल्या वेळी होती तिथेच. मी उजवा पाय उचलला. उजवा पाय उचलला.

मग मी ठरवून, पूर्ण ताकदीने, डावीकडे वळले आणि कठड्यावर आदळले. गुडघा फुटला. कुठल्याही दुखण्याने मला इतका आनंद कधी दिला नव्हता.

मी परत फिरले. पळाले नाही. दोन्हींत फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो.

६

संपादकांची बैठक चालू होती, तिच्यात मी लंगडत घुसले. जे पाहिलं ते सांगितलं, आणि सांगतानाच मला कळत होतं की ही बातमी कुणी माझ्याकडे आणली असती तर मी त्याला पाणी पाजून घरी पाठवलं असतं. संपादकांनी पुरावा विचारला. मी म्हटलं, तिकडे दुसरा कुणी पाठवा. ते म्हणाले की पश्चिमेकडून काहीही बातमी नाही, सगळं सुरळीत आहे. मी म्हटलं, काहीच बातमी नाही हीच बातमी आहे. एवढ्या मोठ्या शहरात कालपासून कुणी मेलं नाही, जन्मलं नाही, साधी चोरी नाही, हे तुम्हाला खटकत नाही? बैठकीतला एक जण म्हणाला की असं शहर असेल तर मलाही पत्ता द्या. हशा झाला.

देश एवढा मोठा आहे की त्यातलं एखादं शहर थांबलं तर बाकीच्यांना कळायला वेळ लागतो. तोवर त्याचीही सवय होते.

मी वर आले. ढगोबाने चहा मागवून ठेवला होता, माझा कप बशीने झाकलेला. त्याच्यासमोर बसून मी म्हटलं की तुला हे माहीत होतं. त्याने नाकारलं नाही. हळू आवाजात तो जे बोलला ते असं: खाणींच्या गावातल्या केंद्रावर त्याचे वडील निरीक्षक होते. ढगोबा नोकरीला नवा होता. एका दुपारी त्यांचा फोन आला नाही, आणि त्याने रीतीप्रमाणे लिहिलं. तेव्हापासून रोज तो तेच लिहीत आला. पूर्वी अधूनमधून फोन लावून ऐकायचा. आता ऐकवत नाही.

मी विचारलं, मग एकदाही बदलून का बघितलं नाहीस.

“बदललं आणि खुर्ची सरकायचीच थांबली तर?” तो म्हणाला. “जैसे थे म्हणजे निदान आहेत तरी. वय मोजलं तर वडिलांनी नव्वदी कधीच ओलांडली. पण ते अजून उठतायत ना, ताई. माझा फोन घ्यायला उठतायत.”

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. मी रागाची बाजू घेतली. माझ्या भावाला मी उठता उठता ठेवणार नाही, असं मी त्याला सांगितलं, आणि दोन पुलांच्या शहराची ओळ माझ्याकडे ओढली.

७

पहिल्या दिवशी मी लिहिलं: स्वच्छ ऊन. जैसे थे काढून टाकलं. इतकंच तर करायचं होतं, असं मला वाटलं.

सकाळी फोन आला. “स्वच्छ ऊन, ताई,” बारक्या म्हणाला. त्याच आवाजात. टक्, वाफ, टक्.

मी हरले नाही. मला वाटलं, गुळगुळीत वाक्यं त्याच्या घशाखाली सहज उतरतात. असं काही द्यावं की ज्यावर त्याने भडकलंच पाहिजे. भर उन्हाळ्यात, जेव्हा सगळ्या देशाच्या नकाशावर ढगोबाकडचे सूर्य कमी पडत होते, तेव्हा मी त्याच्या शहरापुढे गारपीट लिहिली. वाचकांनी शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. मला एकाच वाचकाची शिवी हवी होती.

फोन आला तेव्हा आधी काही बोलणं नव्हतं. पत्र्यावर काहीतरी पडत होतं. ठण्, ठण्, ठण्, सारख्या अंतराने.

“गारा पडतायत, ताई,” तो म्हणाला. आणि थोडं थांबून, त्याच सुरात, “हाताला लागतायत.”

तो गच्चीवर होता. दोरीपाशी. हात वर करून. ते मी त्याच्यावर पाडलं होतं.

मी तिथल्या तिथे टेबलावर डोकं ठेवलं. ढगोबाने येऊन फॅनची अडकलेली मान सरळ करून माझ्याकडे फिरवली. फॅन पुन्हा डावीकडे गेला आणि अडकला. तो म्हणाला, जैसे थे लिहा, ताई. निदान गारा तरी नकोत.

त्या वाक्याने मी उठले. आयुष्यभर मला लोकांनी हेच सांगितलंय. निदान नोकरी आहे ना, निदान पान आहे ना, निदान जिवंत आहात ना. ‘निदान’ या शब्दावर किती राज्यं चालतात याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

मी विचार केला. माझा भाऊ पानातला प्रत्येक शब्द मानतोय. मग ज्याला मानताच येत नाही असा शब्द पानात हवा.

दुपारी मी लिहिलं: दोन पुलांचं शहर, या पानावरचा अंदाज इथे चुकेल.

८

सकाळी फोन वाजला. मी तो वाजू दिला. मग उचलला.

पलीकडे श्वास होता. टक्. वाफ. मग वाफ लांबली, लांबतच गेली, जणू इस्त्री कुणाच्या लक्षातूनच गेली होती. काहीतरी पडलं आणि फुटलं.

“ताई, तू झोपेत पान लावतेस का?” बारक्या म्हणाला. “चुकेल म्हणे. अगं, चुकायला आधी अंदाज तर दे. मी चादरी आत घेऊ का बाहेर ठेवू? खांदा भरून आलाय माझा, हात वरच राहिल्यासारखा. आणि हॉटेलवाला खाली बोंबलतोय. तुझं पान पुड्या बांधायलासुद्धा घेणार नाही कुणी.”

मी त्याला बोलू दिलं. त्याने माझ्या अकलेपासून माझ्या स्वयंपाकापर्यंत सगळं काढलं. मागे रेडिओ खरखरला. मी तोंडावर हात धरून बसले होते आणि ढगोबा उभा राहून माझा चेहरा वाचत होता.

शेवटी, आवाज जमेल तितका साधा ठेवून, मी विचारलं की आत्ता बाहेर कसं आहे.

तो गप्प झाला. रेडिओही.

“तू अजून लिहिलं नाहीस,” तो म्हणाला.

मग लगेच खदखदून हसला. म्हणाला, गंमत केली, घाबरलीस ना, म्हातारी झालीस. आणि फोन ठेवला.

मी तो प्रसंग पुष्कळदा उलटून पालटून पाहिला आहे. तो हसण्याआधी जो वेळ गेला तो मी विसरलेले नाही. त्याला भांडायला मीच लावलं असेल, हेही मला कळतं. मी ‘चुकेल’ लिहिलं म्हणून तो चुकवतोय, आज्ञाधारकपणे, चादरी गळ्यात घेऊन. मला कुणी हे समजावून सांगायची गरज नाही. पण बारक्या भांडतोय. जो माझ्याशी भांडतो तो माझा भाऊ आहे. बाकीचं ज्याला सिद्ध करायचं असेल त्याने पहिल्या पुलावरून चालत जावं.

९

त्या ओळीवरून संपादकांच्या टेबलावर वाचकांचे फोन आले, बरेचसे हसणारे. त्यांनी मला बोलावून सांगितलं की पुढच्या आठवड्यापासून हवामानाचं पान बाहेरून तयार येईल. कुणी कुणाला फोन करायचा नाही. मजकूर आपोआप भरला जाईल, आणि एखाद्या केंद्राची माहिती आली नाही तर त्याचीही सोय केलेली आहे. मी विचारलं, काय सोय. ते म्हणाले, आहे तीच पद्धत, फक्त माणसाशिवाय.

मी म्हटलं की मग मी खोलीतून उठणार नाही. मला उचलून न्यावं लागेल आणि माझं वजन बरंच आहे. ते म्हणाले, तुम्ही नेहमीच टोकाचं बोलता. मी म्हटलं, नेहमी नाही, फक्त टोकाला आल्यावर.

तो पुढचा आठवडा अजून उजाडायचाय, पण तेव्हापासून मी इथे बसते. नकाशावरची प्रत्येक ओळ मी तपासते, आणि जिथून फोन येत नाही तिथे मी फोन करते. दक्षिणेच्या बंदरातून काल आला नाही. त्या गावापुढेही मी लिहिलं: अंदाज इथे चुकेल. सकाळी तिथल्या एका कोळ्याने मला फोनवरून इतक्या घाण शिव्या दिल्या की मी त्याचे आभार मानले.

आज दुपारी, पान खाली जायच्या आधी, ढगोबा स्टुलावर चढला. भिंतीपासून सुटलेला नकाशाचा वरचा कोपरा त्याने तळहाताने सपाट दाबला. मग खाली उतरून माझ्याकडे पेन मागितलं. मी दिलं. ते गाव त्याचं होतं. खाणींच्या गावापुढचे दोन शब्द त्याने खोडले. खोडताना त्याने पेन इतकं दाबलं की खालचा कागदही फाटला. त्याने नवीन ओळ लिहिली, ‘अंदाज इथे चुकेल’, पान छपाईला दिलं आणि खुर्चीत बसला.

छापून यायची त्याला वाट बघवेना. म्हणाला, लावा.

मी नंबर फिरवला. पलीकडे फोन लगेच उचलला गेला. रिकाम्या खोलीचा आवाज. खुर्ची सरकली. घसा साफ झाला.

मी थांबले. ढगोबाने डोळे मिटले होते.

खुर्ची पुन्हा सरकली नाही.

खूप वेळ काहीच नव्हतं. मग एक पाऊल टेकलं. जड, ओलं, फरशीवर घासत आल्यासारखं. मग दुसरं. फोनपर्यंतचं अंतर एका खोलीचंच असणार, पण पावलं खूप लांबून येत होती आणि येताना वाढत होती. दोन पायांची जेवढी असावीत त्याहून जास्त. ढगोबाने माझा दंड धरला आणि नुसते ओठ हलवले: ठेवा. ताई, ठेवून द्या.

मी रिसीव्हर ठेवला नाही.

पावलं थांबली. कुणीतरी फोनच्या अगदी जवळ तोंड आणलं. तिकडून थंड, धुक्यासारखा ओलसर श्वास माझ्या कानात शिरला. आमच्याकडे भर उन्हाळा आहे आणि माझा कान अजून गार आहे.

लोकांना विचारायचे प्रश्न मला आयुष्यात फारसे आले नाहीत. जो येतो तो मी मंत्र्यांना विचारलाय, गुंडांना विचारलाय, एकदा तुरुंगाच्या बंद दारालाही विचारलाय. तो विचारताना माझा आवाज कधी कापला नव्हता. या वेळी कापला. तरी विचारला.

“कोण बोलतंय?”